अकरा माउस आणि एक राहिलेली नोंद

४ मार्च

बारके,

टंकलेलं पत्र बघून घाबरू नकोस. मी मेलेले नाही आणि सेक्रेटरीही ठेवलेली नाही. आधुनिक झाले, इतकंच. फोनवर हे सांगणार नव्हते, कारण फोनवर तू नुसती "हो हो" करतेस आणि मागे तुझा कुकर वाजत असतो.

ज्या प्रकाशन संस्थेत मी एकतीस वर्षं पुस्तकांच्या मागच्या शब्दसूची केल्या आणि जिथून सहा वर्षांपूर्वी मला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं (ते आणल्या दिवसापासून मागे पडतं), तिथे नवा व्यवस्थापक आलाय. वय बत्तीस. जिना चढताना फोनवर, उतरताना फोनवर. मी त्याचं नाव घाईसाहेब ठेवलंय. वनस्पतिकोशाची नवी आवृत्ती निघते आहे. तीन खंड, दोन हजार सहाशे पानं. जुन्या आवृत्तीची सूची मी केली होती, चौदा हजार कार्डं हातानं लिहून, चपलांच्या खोक्यांत लावून. तुझ्या लग्नातल्या चपलांचं खोकंसुद्धा मी पळवलं होतं. तेव्हा नवी सूची माझ्याकडेच येणार, असं मी धरून चालले होते.

घाईसाहेब म्हणाले, "मॅडम, हे आता सॉफ्टवेअर करतं. दुपारच्या जेवणाच्या आत."

"आणि जेवण झाल्यावर ते तपासणार कोण?"

"तुमच्याबद्दल आदर आहेच. पण वयाप्रमाणे वेग…"

वाक्य पूर्ण करायची त्याची छाती झाली नाही. मग मीच केलं. "वयाप्रमाणे वेग कमी होतो, तशा चुकाही कमी होतात. तुम्ही मला पाठवलेल्या अर्ध्या पानाच्या पत्रात तीन आहेत." पेन्सिलीनं खुणा करून नेलंच होतं ते. टेबलावर ठेवलं.

मुख्य संपादक बाई शेजारीच बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, त्यांना हसता येत नाही. पण त्यांनी निवाडा दिला. सात एप्रिलपासून पाच दिवस. दोनशे पानांचं प्रूफ. एका बाजूला सॉफ्टवेअर आणि ते चालवणारी एजन्सी, दुसऱ्या बाजूला मी. त्यांच्या कचेरीत, त्यांच्या कॉम्प्युटरवर. माउस, चष्मा, उशी, जे लागेल ते आपापलं आणायचं. ज्याची सूची चांगली, त्याला तिन्ही खंड.

हे काम मला हवंच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी जे लावून ठेवलं, ते कुणीतरी जेवणाच्या आत विस्कटावं, हे मला बघवणार नाही.

तर सध्या माझ्यापुढचा प्रश्न माउसचा आहे. हसू नकोस. डाव्या पडद्यावर प्रूफ, उजव्या पडद्यावर माझा तक्ता. शब्द निवडायचा, उचलायचा, पलीकडे न्यायचा, टाकायचा, पान क्रमांक घालायचा, परत यायचं. एका पानाच्या तीस नोंदी धर. दिवसाला चाळीस पानं. मी हिशोब केला: दिवसाला पाच हजारांवर टिचक्या. माझा सध्याचा माउस वायरवाला आहे. वायर प्रूफांच्या गठ्ठ्याखाली अडकते आणि नेमक्या वेळी चहाचा कप ओढते. त्याचं चाक पायरी पायरीनं चालतं. दोनशे पानं वर-खाली करायची तर बोट झिजून जाईल. बिनवायरचा हवा.

मी अकरा माउसांचा तक्ता केलाय, चौदा रकाने. तुझ्या लेकाचं मत विचारून कळव. तो दिवसभर कॉम्प्युटरपुढेच बसतो ना, का नुसता पगार घेतो?

तुझी ताई

९ मार्च

ताई,

पाकिटावरचा पत्तासुद्धा छापील! तुझ्या मेहुण्यांनी बँकेची नोटीस समजून दोन दिवस ते उघडलंच नाही. तुझं अक्षर म्हणजे आपल्या घरातला एकुलता एक दागिना, तो तू कपाटात का टाकलास? पन्नास वर्षांत एकदाही मला टंकलेलं पत्र पाठवलं नाहीस. मला उगाच परकं वाटलं. रागावली असशील तर सांग कशावरून, म्हणजे नेमकी माफी मागता येईल.

घाईसाहेबांची मला दया येते. त्यांना अजून माहीत नाही त्यांनी कुणाला बोट लावलंय ते.

लेकाला विचारलं. त्यानं जेवण अर्धं टाकून भाषण दिलं, मी जमेल तेवढं लिहून घेतलं. "मावशीला सांग, नुसत्या ब्लूटूथवर विसंबू नको. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरला ते नसलं तर पाच दिवस बोटं मोडत बसेल. नखाएवढा रिसीव्हर मिळतो, तो कॉम्प्युटरला खोचायचा, तसलाच घे. चाक मोकळं फिरणारं हवं, एका झटक्यात शंभर पानं पळतात. बाजूला दोन बटणं हवीत, एकानं उचल, दुसऱ्यानं टाक. आणि आवाज न करणारा घे, नाहीतर शेजारचे वैतागतील." मी म्हटलं, शेजारी स्पर्धकच बसणार आहेत, वैतागू देत.

त्याच्या ऑफिसात सगळे तो उतरत्या आकाराचा वापरतात म्हणे, हात मिळवताना धरतो तसा तिरका धरायचा. अंगठ्याला टेकायला खोबणसुद्धा असते. "डोळे मिटून तो घ्यायला सांग," म्हणाला. डोळे मिटून तू आजवर काय घेतलंयस, असं मला त्याला विचारावंसं वाटलं.

तक्ता पाठव. आणि पुढचं पत्र हातानं लिही.

तुझी बारकी

१६ मार्च

बारके,

रागावलेली नाही. टंकण्यावरून पुन्हा विचारू नकोस. जगात सगळे टंकतात.

माउस घेतला. दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो, "आजी, नातवाला गेम खेळायला हवा का?"

"मला काम करायला हवा. आणि मी कुणाची आजी नाही. असते तर निदान एकाला तरी गिऱ्हाइकाशी बोलायचं वळण लावलं असतं."

त्यानं मुकाट्यानं खुर्ची दिली. मी पेन ड्राइव्हवर जुन्या कोशाची दोनशे पानं नेली होती. प्रत्येक माउसनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं, तिथला एक शब्द उचलायचा, परत येऊन टाकायचा. घड्याळ लावून. एक माउस दीडशेव्या पानावर अडकला. एकाचा बाण पडदा ओलांडताना दर वेळी हरवायचा. एक इतका हलका, की शिंकले असते तर जमिनीवर. दोन तासांनी माझ्यामागे चार गिऱ्हाइकं उभी राहून बघत होती. त्यातल्या एका वकीलबाईंनी मला तक्त्याची प्रत मागितली. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही उद्या पण या." आजीवरून बाईवर दोन तासांत आला. सुधारण्यासारखा आहे.

तुझ्या लेकाचा तिरका माउस बेचाळीसपैकी अडतीस गुण घेऊन पहिला आला. तोच घेतला. तक्त्याची प्रत सोबत जोडली आहे, जपून ठेव. लेकाला सांग, पगार हलाल आहे.

सराव सुरू केलाय. सगळं उत्तम चाललंय.

ताई

२८ मार्च

ताई,

बारा दिवस पत्र नाही. सातदा फोन केला, उचलला नाहीस. शेवटी तुझ्या शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंना केला. त्या म्हणाल्या, "ताईंच्या उजव्या हाताला मनगटापासून अंगठ्यापर्यंत पट्टा बांधलाय. कप दोन हातांनी धरतात. मी विचारलं तर म्हणाल्या, फॅशन आहे."

उत्तम चाललंय! दोन महिन्यांपासून दुखतंय म्हणे. म्हणजे पेन धरवत नव्हतं, म्हणून ती छापील पत्रं. आणि मी वेडी रुसून बसले होते की ताई आता मला अक्षरालाही लायक समजत नाही. त्या बाईंनी हेही सांगितलं की डॉक्टरांनी तुला सहा आठवडे उजवा हात वापरायचा नाही म्हणून बजावलंय, आणि तू त्यांच्या चिठ्ठीतलं चुकलेलं व्याकरण दाखवून परत आलीस.

काल मी तुझा तक्ता काढला. तीनदा वाचला. वजन, चाक, रिसीव्हर, बॅटरी, बटणं, आवाज, पकड, उतार, काचेवर चालतो का, सगळं आहे. चौदा रकाने. हात नाही, ताई. कुठला हात, हा रकानाच नाही. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांत गाळलेल्या नोंदी शोधल्यास आणि ही एवढी मोठी नोंद गाळलीस. तो तिरका माउस फक्त उजव्या हाताचा असतो, लेकाला विचारून घेतलं.

आता जे लिहिते आहे ते मी अठ्ठावन्न वर्षं लिहिलेलं नाही. बसून वाच.

तू तिसरीत होतीस, मी पहिलीत. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनं तुला उजव्या हातानं लिहायची सक्ती केली होती. शाळेत तू लिहायचीस. घरी कपाटामागे बसून डाव्या हातानं वही भरायचीस, आणि ते अक्षर काय सुंदर होतं! एक दिवस सिस्टरनं मला बोलावलं. विचारलं, "तुझी बहीण घरी कोणत्या हातानं लिहिते?" मी खरं सांगितलं. ती म्हणाली, शहाणी मुलगी, आणि मला सोनेरी कडेचं चित्राचं कार्ड दिलं. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर तुझा डावा हात तुझ्याच लाल रिबिनीनं खुर्चीला बांधलेला होता. मी मधल्या सुट्टीत खिडकीतून बघायची आणि पळून जायची.

कार्ड सोबत पाठवते आहे. ते मी कधी लावलं नाही की टाकलंही नाही. त्याच्या पाठीवर एक अक्षर लिहायची मला हिंमत झाली नाही.

रागाव. पण आधी माउस बदल.

बारकी

३१ मार्च

बारके,

पत्र वाचल्यावर दोन तास मी तुझ्याशी बोलत नव्हते. तू एवढ्या लांब असल्यामुळे तुला ते कळलं नसेल, म्हणून कळवते.

मग मला भलताच राग आला. सिस्टरचा आहेच, तो जुना आहे, त्याला मी रोज पाणी घालते. तुझा आला, पण सहा वर्षांच्या पोरीवर रागावायचं म्हणजे मला खाली वाकायला लागतं आणि कंबर साथ देत नाही. खरा राग माझा मला आला. अठ्ठावन्न वर्षं मी माझ्या बाकावरच्या लांब वेणीवालीला चुगलखोर समजत आले! चौथीत तिच्याशी बोलणं सोडलं. तिच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर गेले नाही. पुरावा न तपासता नोंद केली, आणि म्हणे सूचीकार. आज तिचा पत्ता शोधून माफीचं पत्र टाकलं. टंकून. तिला वाटेल बँकेची नोटीस.

आणि तक्ता. तुझं बरोबर आहे. "हात" नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. उजवा हात हा हात आहे, डावा म्हणजे नुसता लोंबणारा अवयव, असं माझ्या डोक्यात रिबिनीनं बांधून टाकलं होतं. बरण्यांची झाकणं मी कोणत्या हातानं उघडते? सुईत दोरा? मी आज दिवसभर त्याच्यावर नजर ठेवली. सगळी नाजूक कामं तोच करतो, न सांगता, कुणाचं लक्ष नसताना.

तिरका माउस घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं खुर्ची आधीच पुढे सरकवली.

"बाई, हा तर पहिला आला होता!"

"परीक्षा घेणारी चुकली होती."

"हे तुम्ही म्हणताय?"

"एकदाच म्हणतेय, नीट ऐकून घ्या."

दोन्हीकडून सारखा असलेला एकच होता, ज्याची बटणं दोन्ही बाजूंना आहेत आणि चाकही मोकळं पळतं. माझ्या तक्त्यात नववा. त्याला उतार नाही म्हणून मी त्याचे गुण कापले होते. आता मला कळलं, सरळ असणं हाच त्याचा गुण होता. दुकानदारानं अदलाबदल करून दिली आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण कसं उलटायचं तेही दाखवलं.

घरी येऊन बसले. पहिला तास माझा बाण म्हणजे अंगात आलेलं कोकरू. शब्द उचलायला जाते, तर पान बंद. सहा दिवस आहेत. उजव्या हाताला मांडीवर बसवलंय. मी त्याला बांधलेलं नाही. आपण सिस्टरपेक्षा बरे.

ताई

३ एप्रिल

ताई,

घाईत लिहिते, सोमवारच्या आत मिळायला हवं. लेक म्हणतो, रिसीव्हर घरच्या कॉम्प्युटरला खोचलेला विसरून जाऊ नकोस. जगातली निम्मी माणसं तिथेच हरतात. त्याच्यासाठी माउसच्या पोटात खण असतो, बॅटरीच्या शेजारी. आणि रविवारी रात्री चार्ज कर.

बाण कसा आहे? मी रोज सकाळी तुझ्यासाठी डाव्या हातानं दात घासते. आरसा बरबटतो.

बारकी

१३ एप्रिल

बारके,

खुर्चीत नीट बस. कुकर बंद कर.

बाणाबद्दल आधी. सरावात मंगळवारी कोकरू, बुधवारी कोकरू. गुरुवारी सकाळी मी काहीतरी वेगळाच विचार करत होते आणि मध्येच बघितलं तर चौदा नोंदी झालेल्या. हात आपला आपण जाऊन येत होता. मी श्वास रोखून बसले, म्हटलं याला कळू द्यायचं नाही की आपण बघतोय.

सोमवारी रिसीव्हर त्याच्या खणात होता. लेकाला पोचलं म्हणून सांग. कचेरीत मला कोपऱ्यातलं टेबल दिलं. एजन्सीचा माणूस पलीकडे. त्याचं सॉफ्टवेअर खरोखरच जेवणाच्या आत आटोपलं, सहा हजार दोनशे नोंदी. उरलेले साडेचार दिवस तो मला बिस्किटं देत होता. सभ्य माणूस, मी बिस्किटं घेतली. घाईसाहेब येता-जाता माझ्या पडद्यावर नजर टाकायचे. बुधवारी ऐंशी पानं संपली तेव्हा थांबले. गुरुवारी एकशे तीस. फोन कानाला तसाच, पण बोलायचं विसरले होते. ते मोकळं चाक, बारके! एक टिचकी आणि पानं कशी वाहत जातात. उचलायचं बटण करंगळीशेजारच्या बोटाखाली, टाकायचं अंगठ्याखाली. शुक्रवारी तीन वाजता शेवटचं पान मिटलं आणि दोन तास मी तपासण्यात घातले. हात दुखला नाही. कुठलाच.

मुख्य संपादक बाईंनी दोन्ही सूची पुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "मी वाचक आहे. मला ताप उतरवणारी झुडपं हवीत."

सॉफ्टवेअरच्या सूचीत "ताप" शब्दापुढे एकसष्ट पान क्रमांक, एका रांगेत. माझ्या सूचीत तापापुढे झुडपं वेगळी, साली वेगळ्या, आणि तापात जे देऊ नये तेही वेगळं. बाईंनी भुवई उचलली. त्यांच्या बाबतीत हे म्हणजे टाळ्याच.

मग मी म्हटलं, "आता मी एक विचारते." एका रानभाजीचं नाव सांगितलं. (कोश छापून येईपर्यंत ते बाहेर सांगायचं नाही, तुलाही नाही.) त्या नावाच्या कोशात दोन वनस्पती आहेत. एक लोक खातात. दुसरी खाल्ली तर दवाखाना गाठेपर्यंत माणूस उरत नाही. सॉफ्टवेअरनं नाव एकच बघितलं आणि दोघींना एकाच ओळीत बसवलं. माझ्या सूचीत दोन ओळी, आणि दुसरीपुढे "विषारी".

"या सूचीवर विसंबून कुणी भाजी केली तर?" मी विचारलं.

घाईसाहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो बंद केला. बारके, बंद केला! मी माझं घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली.

तिन्ही खंड मला. पहिल्यांदाच सूचीकाराचं नाव आतल्या पानावर छापणार, संपादकांच्या खाली, त्याच आकाराच्या अक्षरात. ते आधी बारीक अक्षर म्हणत होते. मी म्हटलं, बारीक अक्षर मला दिसत नाही, वयाप्रमाणे. सॉफ्टवेअरलाही मी काढून टाकलेलं नाही, हाताखाली घेतलंय. ते मुकाट्यानं कच्च्या याद्या काढून देतं, उलट बोलत नाही. बिस्किटवाला ते चालवणार.

निघताना घाईसाहेब जिन्यापर्यंत आले. "मॅडम, तुम्ही डावखुऱ्या आहात का? आम्हाला कुणीच सांगितलं नाही."

"आहे," मी म्हटलं. "अठ्ठावन्न वर्षं रजेवर होते. सोमवारी रुजू झाले."

वेणीवालीचं उत्तर आलं. ती म्हणते, मी तिच्याशी बोलत नव्हते हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, तिला वाटायचं मी अभ्यासू आहे. राग फुकट गेल्याचं इतकं दुःख मला आजवर झालं नव्हतं. पुढच्या महिन्यात ती चहाला येते आहे.

ताई

२ मे

बारके,

तुझं कार्ड परत पाठवते आहे. पाठ कोरी होती ती वापरली.

पेन्सिल आहे. ओळी वर चढतात, आणि "र" पडतो आहे. अक्षर आठ वर्षांच्या मुलीचं आहे, कारण ती तिथेच थांबली होती. रोज एक पान लिहिते.

कपाटामागे बसले नाहीये. खिडकीत बसले आहे, पडदा उघडा आहे.

कोणत्या हातानं लिहिते ते तू बघतेस. जा, सांग सगळ्यांना.

ताई